मुळे पाहून घेतलेली रोपे: वनशेतीच्या एका रोपवाटिकेचे सात वर्षांनंतरचे परीक्षण

जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यातील आमच्या कोरडवाहू शेताच्या बांधांवर आणि एका मुरमाड तुकड्यावर लावण्यासाठी २०१८ च्या जुलैमध्ये मी बोरी नदीच्या काठावरील एका परवानाधारक रोपवाटिकेतून १८० रोपे आणली. मानवेल बांबू ६०, सीताफळाची कलमे ४०, रामकाठी बाभूळ ३०, अंजन २०, आवळ्याची कलमे १६ आणि चिंचेची कलमे १४, असा तो माल होता आणि भाडे सोडून त्याचे बिल ६,४३० रुपये झाले. लागवडीला सात वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांपैकी १५८ झाडे उभी आहेत. झाडाच्या रोपाविषयी घेतल्या दिवशी किंवा पहिल्या हिरव्या पालवीवरून मत देण्यात अर्थ नसतो, म्हणून हे परीक्षण इतक्या उशिरा लिहीत आहे.

या खरेदीआधीचा अनुभव सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे नीट कळणार नाही. २०१५ मध्ये गावात टेम्पो घेऊन आलेल्या एका विक्रेत्याकडून मी मलबार नीमची शंभर रोपे घेतली होती. सहा-सात वर्षांत झाड प्लायवूडच्या कारखान्याला जाईल, माल आम्हीच उचलू, असे त्याने सांगितले होते आणि रोपेही कमरेइतकी उंच, टवटवीत होती. मलबार नीम हे वेगाने वाढणारे आणि प्लायवूडला खरोखर चालणारे झाड आहे, त्यात खोटे काही नाही. परंतु त्याला खोल जमीन आणि पाणी लागते, ही गोष्ट त्याने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. तिसऱ्या वर्षी, २०१८ च्या जूनमध्ये पावसाआधीच्या वादळात तेवीस झाडे एका रात्रीत आडवी झाली. सकाळी जाऊन पाहिले तर खोड मोडलेले नव्हते, झाड मुळासकट उपटून आले होते आणि मुळांचा आकार अजूनही त्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीचाच होता. पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेली मुळे तीन वर्षांत जाड झाली होती, एकमेकांना दोरीच्या वेढ्यांप्रमाणे आवळून बसली होती आणि मातीत खाली गेलेले सोटमूळ एकाही झाडाला नव्हते. विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागला नाही. गेलेल्या पैशांपेक्षा गेलेली तीन वर्षे मला अधिक लागली, कारण पैसे पुन्हा घालता येतात, झाडाचे वय पुन्हा घालता येत नाही.

त्यामुळे त्याच जुलैमध्ये जेव्हा मी या रोपवाटिकेत गेलो, तेव्हा पहिला प्रश्न मुळांचाच विचारला. तेथे काम करणाऱ्या एका मावशींनी काही न बोलता रूट ट्रेनरच्या खणातून अंजनाचे एक रोप अलगद उपसून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊ, पानं नका देखू, मुळ्या देखा.” रोप जेमतेम वीतभर होते. मातीचा गोळा मात्र न फुटता जसाच्या तसा बाहेर आला होता, त्याच्या कडेने पांढरी मुळे सरळ खाली उतरलेली दिसत होती आणि एकही मूळ आडवे वळलेले नव्हते. रूट ट्रेनर म्हणजे वरून रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला प्लास्टिकचा खण. त्याच्या आतल्या बाजूला उभ्या धारा असतात, त्या मुळाला गोल फिरू न देता खाली नेतात. तळ उघडा असतो आणि सगळा साचा जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवलेला असतो, त्यामुळे मुळाचे टोक उघड्या हवेत आले की सुकते आणि मागून नवी बाजूची मुळे फुटतात. जमिनीत गेल्यावर ही सगळी टोके एकदम खाली धाव घेतात. साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या आमच्या भागात, पहिला उन्हाळा येण्याआधी मूळ किती खाली पोहोचले यावरच रोपाचे जगणे ठरते.

रूट ट्रेनरच्या रोपाची एक उणीव मात्र आधीच सांगायला हवी. त्यातील माती फार थोडी असते आणि ती लवकर वाळते. रोपे घरी आणून आठ दिवस ओसरीत ठेवून चालत नाही. खड्डे तयार नसतील तर रोपे आणूच नयेत. मी खड्डे मे महिन्यातच खोदून तापू दिले होते, तरीही बांबूची सहा रोपे गेली, कारण ती शेवटच्या दिवशी लावली गेली आणि तोवर त्यांचे गोळे कोरडे होऊन सुटले होते. हा दोष रोपवाटिकेचा नाही, तो माझाच आहे. उलट विक्रीच्या आधी पंधरा दिवस सावलीच्या जाळीतून बाहेर काढून, पाणी कमी करून रोपे कडक करण्याची त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटली. उन्हात ठेवलेली ती रोपे दिसायला फिकी आणि रोड होती. टेम्पोवाल्याच्या रोपांपुढे ती कोणी उचललीही नसती.

सल्ला हा या रोपवाटिकेचा सर्वांत चांगला भाग आहे. मी महोगनीची चौकशी करताच मालकांनी आमच्या जमिनीची खोली, विहिरीचे पाणी आणि बांधाची रुंदी विचारली आणि ही जमीन त्या झाडाची नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्याकडे महोगनीची रोपे होती आणि ती महाग होती, तरीही त्यांनी ती विकली नाहीत. त्याऐवजी पश्चिमेच्या बांधावर बांबू आणि रामकाठी बाभूळ, मधल्या बांधांवर अंजन आणि चिंच, मुरमाड तुकड्यात सीताफळ आणि आवळा, अशी मांडणी त्यांनी कागदावर काढून दिली. कोणत्या झाडाचे पैसे कोणत्या वर्षी सुरू होतील, हेही त्याच कागदावर लिहिले होते: सीताफळ चौथ्या वर्षापासून, बांबू पाचव्या वर्षापासून, कलमी चिंच पाच-सहा वर्षांनी थोडी आणि दहा वर्षांनी भरपूर, अंजन आपल्या हयातीत फक्त चाऱ्यासाठी. आजवर हा कागद बहुतेक खरा ठरला आहे.

सीताफळ हे आमच्यासारख्या हलक्या जमिनीचे पीक आहेच. शिवाय त्याचा पाला शेळी-मेंढी खात नाही, त्यामुळे कुंपण न घालताही ते टिकले. चाळीसपैकी छत्तीस कलमे जगली. गेल्या हंगामात या छत्तीस झाडांनी दिलेल्या पैशांत १८० रोपांचे मूळ बिल अडीच वेळा फिटले असते. हे उत्पन्न मोठे नाही, याची मला जाणीव आहे. परंतु त्या तुकड्यात पूर्वी जेमतेम मूग आणि तीळ येत असे, पाऊस ताणला तर तेही नाही, आणि आता तिथे खताचा व फवारणीचा खर्च कपाशीच्या तुलनेत नगण्य आहे. खान्देशातील कोरडवाहू शेतकऱ्याचे सगळे वर्ष कपाशीच्या एका पिकावर लटकलेले असते. बोंडअळी आली किंवा भाव पडला की घरात दुसरा पैसा नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कपाशीचा पहिला वेचा व्हायच्या सुमारास, सीताफळाचे चार क्रेट बाजारात गेले तर वेचणीची मजुरी उसनवारीशिवाय देता येते. वनशेतीचे आर्थिक मोल मी या वेळेवर हाती येणाऱ्या पैशात मोजतो.

बांबूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल चुकीच्या समजुती फार आहेत. मानवेल हा आपल्या सातपुड्यातील आणि कोरड्या डोंगरांतील बांबू. त्याची काठी बारीक असली तरी जवळजवळ भरीव आणि चिवट असते. उंच आणि जाड बांबूच्या उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) जाती जास्त वजन देतात, परंतु त्यांना पाणीही तसेच लागते. मानवेलाला आमच्या भागात दुसरा एक मोठा फायदा आहे: चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात घड भरलेल्या झाडांना टेकू देण्यासाठी काठ्यांची मागणी कायम असते. मालकांनी जाड जातींऐवजी मानवेल देताना हेच कारण दिले होते. पाचव्या वर्षापासून मी पावसाळा संपल्यावर कापणी करतो. यंदाची कोवळी काठी आणि गेल्या वर्षीची काठी ठेवायची, त्याहून जुनी काढायची, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो पाळल्यामुळे बेटे दरवर्षी भरत गेली. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे, ही माहितीही मला तिथेच मिळाली. आमच्या गावात तोपर्यंत बांबू लावला तर तोडताना अडचण येते, अशीच समजूत होती.

याच्या नेमकी उलट गोष्ट अंजन, चिंच, साग, मोह आणि आंबा या झाडांची आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ही झाडे आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. रोपे विकणाऱ्याने हे विकतानाच सांगितले पाहिजे, कारण झाड वीस वर्षांचे झाल्यावर ते कळले तर उपयोग नाही. या रोपवाटिकेने ते सांगितले, एवढेच नव्हे तर बांधावरील झाडांची नोंद ई-पीक पाहणीत दरवर्षी करून घ्या, म्हणजे झाड आपणच लावले याचा कागद राहतो, असेही पुढे एकदा फोनवर आठवणीने कळवले. बिलावर परवाना क्रमांक, जात आणि संख्या व्यवस्थित लिहिलेली होती. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून सुरू झाली आणि तिचे अनुदान तीन वर्षांत, झाडे जगल्याची पाहणी करून मिळते. अशा कोणत्याही योजनेत रोपे कोठून घेतली याचा पक्का कागद लागतो. टेम्पोवरून घेतलेल्या रोपांना असा कागद नसतो.

अंजन हे मी हौसेने घेतले, हे मान्य करतो. धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत हे झाड पूर्वी भरपूर होते; त्याचे लाकूड इतके जड आणि कठीण की बैलगाडीच्या चाकाचा तुंबा (मधला भाग) त्यापासून करत. ते सुरुवातीची वर्षे वर जवळजवळ वाढतच नाही, आपले सारे बळ मूळ खाली नेण्यात घालते. वीसपैकी तेरा झाडे आहेत आणि सात वर्षांनी ती माझ्या उंचीची झाली आहेत. गेल्या उन्हाळ्यात, बांधावरचे गवत वाळून गेले असताना, त्यांचा पाला प्रथमच थोडा छाटून म्हशीला घातला. मरतुकीचे प्रमाण या झाडात सर्वांत जास्त होते आणि त्यातील काही दोष रोपवाटिकेकडे जातो: इतक्या खोल मुळाच्या झाडासाठी त्यांचे खण उथळ आहेत. अंजनाला उंच, लांब खण हवेत, असे मी त्यांना सांगितले. बोरासारख्या सोटमुळाच्या झाडाला तर जागेवरच बी लावून नंतर डोळा भरणे, म्हणजे कलम करणे, हीच शिफारस आहे, आणि मेहरूणच्या बोरांच्या या जिल्ह्यात ते कोणाला वेगळे सांगायला नको.

आवळ्याच्या बाबतीत रोपवाटिकेची चूक अधिक गंभीर आहे. सोळाही कलमे एन.ए.-७ या एकाच जातीची दिली गेली. आवळ्यात एकाच जातीचे परागीकरण पुरेसे होत नाही. फळधारणा चांगली हवी असेल तर शेजारी दुसरी जात लावावी लागते. फुलोरा भरपूर आणि फळे विरळ, असे दोन वर्षे पाहिल्यावर मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात चौकशी केली, तेव्हा कारण कळले. त्यानंतर कांचन जातीची तीन कलमे मध्ये लावली आहेत, पण ती फुलावर येईपर्यंत चार वर्षे वाया गेली. तक्रार केल्यावर मालकांनी वाद घातला नाही, ती तीन कलमे विनामूल्य दिली आणि आता आवळा मागणाऱ्याला दोन जाती एकत्रच देतात. तरीही ज्यांचा सल्ला इतर सर्व बाबतींत इतका नेमका होता, त्यांच्याकडून ही गोष्ट सुटायला नको होती. दुसरी लहान तक्रार कलमांच्या पट्टीची. काही सीताफळांच्या जोडावरील प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली होती आणि खुंटावरची, म्हणजे जोडाखालच्या गावठी रोपावरची, फूट कशी ओळखून खुडायची हे मजुराने सांगितले नाही. दोन कलमे अशीच गावठी होऊन गेली.

पश्चिमेच्या बांधावरील बांबू आणि रामकाठी बाभूळ यांचा उपयोग मला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दिसू लागला. रामकाठी ही उभट, झाडूसारखी सरळ वाढणारी बाभूळ. तिची सावली पसरत नाही, मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, शेंगा शेळ्या आवडीने खातात. झाडांच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. जूनच्या वावटळीत पूर्वी त्या बाजूच्या कोवळ्या कपाशीची पाने कडांनी फाटून करपत. आता ते प्रमाण उघड कमी आहे. केळीवाले आपल्या बागेभोवती शेवरी आणि गजराज गवत लावतात ते याच हेतूने, फक्त आमचे कुंपण एका हंगामाचे नाही. मोबदल्यात बांधालगतच्या दोन-तीन ओळींत पीक कमी येते. सावली आणि मुळे या दोन्हींमुळे हे होते आणि ज्याने ही गोष्ट लपवली त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही दोन वर्षांआड बांधाच्या आतल्या बाजूने दोन फूट खोल चर मारून मुळे तोडतो आणि दर हिवाळ्यात खालच्या फांद्या छाटतो. त्या छाटलेल्या फांद्या जळणाला होतात, त्यामुळे घरात पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पूर्वीइतक्या जाळाव्या लागत नाहीत. त्या आता कुट्टी करून शेतातच जातात.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील का, असे मी मालकांना २०२३ मध्ये विचारले होते, कारण त्या सुमारास काही मध्यस्थ गावोगाव फिरत होते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बन म्हणजे हवेतून उचललेला साडेतीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड, हा हिशेब खरा आहे, असे ते म्हणाले. पण दीडशे झाडांच्या मोजणीचा आणि तपासणीचा खर्चच त्या पैशांहून मोठा होईल, तेव्हा त्या आशेने झाड लावू नका. बियाणे, खते, रोपे विकणाऱ्यांपैकी आपल्याच मालाची अपेक्षा कमी करून सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी (वनशेती) धोरण आणले, असे धोरण आणणारा तो पहिला देश. त्यात चांगल्या प्रतीच्या रोपांचा तुटवडा ही मोठी अडचण म्हणून नोंदवलेली आहे आणि अकरा वर्षांनंतरही आमच्या तालुक्यात मुळे दाखवून रोप विकणारी जागा शोधावी लागते. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि तेथील ग्रामस्थांनी राखलेले जंगल मी पाहिले आहे. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे अनेकांनी झाडे लावण्याचा निश्चय केला. त्यांतील दोघांनी पुन्हा टेम्पोवरूनच कमरेइतकी उंच रोपे घेतली, याचे मला फार वाईट वाटले. मी त्यांच्या बांधावर जाऊन एक पिशवी फाडून मुळे दाखवली आणि उरलेल्या रोपांच्या पिशव्यांचा तळ कापून, वळलेली मुळे छाटून ती लावायला लावली.

नव्याने जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. जून-जुलैत तेथे गर्दी असते आणि हवी ती जात शिल्लक राहत नाही, म्हणून मार्चमध्ये नोंदणी करावी. ते चौथाई रक्कम आगाऊ घेतात आणि पावती देतात. वाहतूक स्वतःची करावी, कारण त्यांच्या गाडीवर ताडपत्री नसते आणि वाऱ्याने रोपे सुकतात. बांबूची रोपे बियांपासून केलेली असतील तर बी कोणत्या वर्षीच्या फुलोऱ्याचे आहे ते विचारावे, कारण मानवेल फुलला की बेट मरते आणि तो साधारण २५ ते ४५ वर्षांनी फुलतो. त्यांच्याकडे ही नोंद वहीत आहे, मागितल्यावर दाखवतात. कलमी चिंच घेताना ‘प्रतिष्ठान’ ही जात मागावी. माझी तेरा झाडे त्याच जातीची आहेत आणि यंदा प्रथमच त्यांपैकी चार झाडांची फळे व्यापाऱ्याने उक्ती, म्हणजे एकरकमी, मागितली. मी ती दिली नाहीत, घरीच झोडून, फोडून, मीठ लावून ठेवली आहेत.

येत्या पावसाळ्यासाठी माझी नोंदणी झाली आहे: अंजन तीस, या वेळी लांब खणातले, आणि मानवेल चाळीस. आधीच्या बेटांतून कापलेल्या काठ्यांची गाडी परवाच चोपड्याला गेली.